‘शंभर टक्के ब्लू’ कोचीनच्या नादात 44,040 रुपये गेले

राजेहो, उमरेड रोडकडून ‘ब्लू कोचीन जातीच्या कोंबड्या घ्या, पिल्लं आम्हीच परत घेऊ’ असा फोन आला तर आधी हे वाचा. बायबॅकची भानगड नवी नाही. 2019 मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांच्या बायबॅकचं प्रकरण सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं, मीही पाहिलं. म्हणूनच तर 500 च्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. तोंडी भरवशावर पैसे टाकणारा मी नाही.

एक कोंबडा, पाच तलंगा: 27,500. इन्क्युबेटर त्या विकणाऱ्याकडूनच: 9,800. खाद्य 6,240. महिन्याचं निळं पिल्लू तो 700 रुपयांना उचलणार. अट एकच, ‘लॉट पूर्ण निळा असावा’. निळ्याला निळंच होणार, यात कोणाला काय खटकेल?

पहिल्या लॉटची 41 पिल्लं. पिसं भरली तशी 19 निळी, 11 कुळकुळीत काळी, 11 पांढुरकी आणि अंगावर निळसर शिंतोडे. फोटो पाठवले तर म्हणतो, “तुमच्या कोंबड्यांत गावरान कोंबडा शिरला असंल भाऊ.” अरे, सगळे जाळीत बंद!

निळा म्हणजे काळाच, फिका पडलेला. रंग फिका करणाऱ्या जनुकाची एक प्रत असली की ब्लू, दोन असल्या की स्प्लॅश म्हणजे ते पांढुरके शिंतोडेवाले, एकही नसली की काळा. ब्लूवर ब्लू सोडला की सरासरी निम्मीच ब्लू, पाव काळी, पाव स्प्लॅश. कितीही पिढ्या काढा. सगळी ब्लू हवी तर काळा आणि स्प्लॅश अशी जोडी लागते. म्हणजे अट लिहितानाच त्याला ठाऊक होतं.

आणि ती जोडी माझ्या डोळ्यांसमोर होती! त्याच्या शेडमागं हिरव्या नेटआड दांडगा काळा कोंबडा, भोवती शिंतोडेवाल्या कोंबड्या. विचारलं तर, “ते कटिंगचे, मटणाचे आहेत, तिकडे काहून पाहून राहिले?” कटिंगच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर पेन्सिलनं तारीख कोण टाकतं? पण पुढ्यात नखांपर्यंत पिसं असलेल्या त्या निळ्या तलंगा, तुमचीही नजर तिथंच गेली असती. आईबापाचे फोटो नको, जोडी दाखव म्हणा.

ठाण्यात हसले. “कोंबडीचा रंग बदलला म्हणून एफआयआर करू का?” फसवणुकीचं कलम 420 जाऊन 318 आलं, हसणं तेच. ‘सिव्हिल मॅटर’ म्हणून बोळवण. जनावरांच्या दवाखान्यात म्हणे पक्षी ठणठणीत आहेत, रंग हा आजार नाही. तेवढंच जनुकाचं गणित लेखी द्या म्हटलं, तर साहेब दौऱ्यावर. परत गेलो, तर हे आमचं काम नाही. मग कोणाचं, तलाठ्याचं?

वकिलानं एक कामाचं सांगितलं, ग्राहक आयोगात गेलात तर. ‘धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही’ असं समोरचा म्हणेल. पोट भरायला स्वतः राबतो हे दाखवा, कायद्यात तशी सवलत आहे. पावती घ्याच. रोखीनं देऊ नका.

असाच स्टॅम्प पेपर कोणाकडं असेल तर अटीच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. एकट्याला हसतात, दहा जण सोबत गेलो तर लिहून तरी घेतील.