पगारी की १०९९? अमेरिकेत भूल देणाऱ्या नर्सपुढच्या दोन ऑफर

मिरजेला बीएस्सी नर्सिंग, ईबी-३ वर, म्हणजे नोकरीच्या आधाराने मिळणाऱ्या ग्रीन कार्डवर अमेरिका, काही वर्षं आयसीयू आणि यंदा सीआरएनए, म्हणजे भूल देणारी नर्स. या मैत्रिणीने परवा दोन ऑफर लेटर पाठवली. एक हॉस्पिटलची पगारी नोकरी, इथल्या भाषेत डब्ल्यू-टू : वर्षाला २,२०,००० डॉलर. दुसरी अनेस्थेशिया ग्रुपची, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, म्हणजे १०९९ : तासाला १५० डॉलर. खाली तिचा हिशेब : "ताई, १५० गुणिले २०८० म्हणजे तीन लाख बारा हजार. यात विचार काय करायचा?"

विचार त्या २०८० चाच करायचा. वर्षभर एकही सुट्टी न घेता आठवड्याला ४० तास उभं राहिलं तर २०८० होतात. हॉस्पिटल सहा आठवडे भरपगारी रजा देतंय. तिनेही तेवढीच घेतली तर उरतात १८४० तास आणि २,७६,००० डॉलर.

आता हॉस्पिटलच्या बाजूला न दिसणारं मांडू. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणची पेन्शन आणि आरोग्य विमा यांसाठी कमाईतून जाणारा कर; त्यातला मालकाचा हिस्सा २०२५ च्या मर्यादेने सुमारे १४,१००. १०९९ वर दोन्ही हिस्से आपलेच. बाकीचे आकडे उदाहरणापुरते धरते : कुटुंबाचा आरोग्य विमा २०,०००, निवृत्ती खात्यात ५ टक्के म्हणजे ११,०००, मालप्रॅक्टिस विमा (उपचारात चूक झाल्याच्या दाव्यांसाठीचा) ५,०००, शिक्षण भत्ता ३,०००. सगळं मिळून २,७३,००० च्या पुढे. तीन लाख बारा हजारांचा रुबाब तीन हजारांच्या फरकावर आला.

पण म्हणून १०९९ वाईट नाही. नवऱ्याच्या कंपनीचा विमा घरातल्या सगळ्यांना पुरत असेल, तर वरचे वीस हजार गळतात आणि कंत्राट सरळ पुढे जातं. लायसन्स, प्रवास, कोर्स हा कामाचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. पगारी माणसाला २०१८ पासून फेडरल करात ती सोय नाही. निवृत्तीसाठी सोलो ४०१(के), म्हणजे एकट्याने धंदा करणाऱ्याच्या निवृत्ती खात्यामध्ये २०२५ ला एकूण ७०,००० पर्यंत टाकता येतात, पगारी माणसाचा स्वतःचा वाटा मात्र २३,५०० वर थांबतो. बदल्यात १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला कर आपण भरायचा. आपल्याकडच्या ॲडव्हान्स टॅक्ससारखंच, चुकला की दंड.

एच-वन-बी वर असाल तर हा सगळा खल सोडा. तो व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या मालकापुरताच असतो, १०९९ चा रस्ताच बंद.

पैशापेक्षा मी कलमांवर जास्त वेळ घालवते. सगळ्यात महाग कलम टेलचं. मालप्रॅक्टिस विमा दोन तऱ्हांचा : 'ऑकरन्स'मध्ये घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू असली की पुरे; 'क्लेम्स-मेड'मध्ये दावा दाखल होतानाही ती चालू लागते. नोकरी सोडली की मागच्या केसेस उघड्या पडतात, त्या झाकायला टेल, म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा जादा विमा घ्यावा लागतो. माझ्या पहिल्या करारात टेलबद्दल अक्षरही नव्हतं. राजीनामा दिला तेव्हा बिल माझ्या नावावर आलं, वर्षाच्या हप्त्याच्या जवळपास दुप्पट. तेव्हापासून मी करार मागून पुढे वाचते. या दोन ऑफरपैकी हॉस्पिटलची ऑकरन्स आहे. ग्रुपची क्लेम्स-मेड, आणि टेल कोणाची ते लिहिलेलंच नाही.

नॉन-कम्पीटही बघा, म्हणजे सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट. अशा अटींवर देशभर बंदीचा नियम एफटीसी या केंद्रीय व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये काढला आणि ऑगस्टमध्ये टेक्सासच्या कोर्टाने तो रद्द केला. म्हणजे राज्याचा कायदा पाहायचा : कॅलिफोर्नियात ती चालत नाही, मिनेसोटात १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत नाही. खरी गोची ग्रुपमध्ये होते. ग्रुपचं हॉस्पिटलशी कंत्राट तुटतं, नवा ग्रुप येतो आणि तुम्हाला त्याच ओटीत, त्याच सर्जनबरोबर काम करायला जुना करार आडवा येतो. "ग्रुपचं कंत्राट संपल्यास ही अट लागू नाही" एवढं एक वाक्य घालून घ्या.

नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी. तिच्या ग्रुपने स्वतःसाठी ३० दिवस ठेवलेत, तिच्यासाठी ९०. शिवाय सर्जनने दुपारच्या केसेस रद्द केल्या तर मीटर ११ वाजता बंद. किमान हमीचे तास लिहून मागा. हॉस्पिटललाही विचारा, लवकर घरी पाठवलं तर रजा कापता का?

घासाघीस कुठे चालते? मोठ्या हॉस्पिटलात मूळ पगार अनुभवाच्या वर्षांनुसार ठरलेला असतो, तिथे डोकं आपटू नका. कॉलचे (ड्युटीबाहेर बोलावलं तर यायला तयार राहण्याचे) पैसे, साइन-ऑन म्हणजे रुजू होतानाचा बोनस, रुजू होण्याची तारीख हलते. ग्रुपमध्ये तासाचा दरच हलतो. कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपये कमी करून घेणाऱ्या आपण, इथे "वाईट दिसेल" म्हणून गप्प बसतो. बोनसचं एक लक्षात असू द्या : हातात कर कापून येतो, पण मुदतीआधी सोडलंत तर काही करार पूर्ण रक्कम परत मागतात. जितके महिने काम केलं तितका माफ, असं लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं पगारी. शेजारच्या रूममध्ये हाक मारायला अनुभवी माणूस असणं तासाच्या दरात धरता येत नाही. त्यानंतर, विमा घरातून मिळत असेल तर, खुशाल १०९९.

तिने दोन्हीकडे तोच मेल केला : टेल कोण भरणार, किमान तास किती, नोटीस सारखी कराल का. हॉस्पिटलचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ग्रुपच्या रिक्रूटरचा फोन आला, "लेखी कशाला, बोलू या ना."