भूक वाढवणारी गोळी: मेजेस्ट्रॉल, डेक्सा की ओलान्झापिन?

कॅन्सरच्या पेशंटचं वजन भराभर उतरायला लागलं की घरचे ओपीडीत हमखास म्हणतात, "डॉक्टर, भुकेसाठी काहीतरी लिहून द्या." पर्याय मुख्यतः तीन. पण निवडण्याआधी अंगात काय चाललंय ते बघू.

नुसत्या उपाशीपोटी माणूस वाळतो तेव्हा शरीर काटकसर करतं. चरबी जाळतं, स्नायू जमेल तितके राखतं. खायला मिळालं की अंग पुन्हा भरतं. कॅन्सरमधल्या झिजेला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात (साधारणपणे ६ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर). इथे ही काटकसर सुटते. गाठीतून आणि प्रतिकारयंत्रणेतून निघणारी रसायनं चरबीच्या पेशींना साठा सोडायला लावतात. तो फोडणारं एक एन्झाइम म्हणजे एटीजीएल. २०११ साली हे एन्झाइम नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा गाठ असूनही त्यांची चरबी टिकली, स्नायूही बरेचसे वाचले. उलट रक्तातली चरबी पेशीत भरणारं दुसरं एन्झाइम, लायपोप्रोटीन लायपेज, मंदावू शकतं. काढणं जोरात, भरणं हळू. त्यात पोळीवर तूप वाढवलं म्हणून हिशेब जुळत नाही, आणि "तू नीट जेवत नाहीस" हे पेशंटला ऐकवणं तर निव्वळ अन्याय.

आता गोळ्या.

मेजेस्ट्रॉल बरीच जुनी. साधारण चारात एकाची भूक वाढते, बारात एकाचं वजन. वाढलेलं वजन बहुतेक चरबीचं आणि पाण्याचं असतं, स्नायूंचं नव्हे. काट्यावर दोन किलो जास्त दिसले तर आनंद मानण्याआधी नडगीवर अंगठा दाबून बघा. खळगा राहिला तर ते पाणी आहे. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ही याची खरी अडचण. आधी गुठळी झाली असेल किंवा पेशंट अंथरुणाला खिळला असेल, तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड स्वस्त, गुण लवकर. पण तो टिकतो काही आठवडेच, शुगर वाढते आणि लांबलं तर मांड्यांचे स्नायूच झिजतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. आयुष्याचे थोडेच आठवडे उरले असतील आणि दोन घास चवीने जावेत एवढंच हवं असेल, तर मात्र योग्य.

ओलान्झापिनची माहिती वाचून घरचे दचकतात, कारण त्यात स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार लिहिलेला असतो. इथे डोस अगदी कमी, २.५ मिलिग्रॅम. पुदुचेरीच्या जिपमर या सरकारी रुग्णालयातल्या चाचणीत (२०२३) केमो सुरू होणाऱ्या जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड अशा कॅन्सरच्या पेशंटना ती १२ आठवडे दिली. ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले ६० टक्के निघाले, तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के. मळमळही कमी होते. झोप येते म्हणून बहुधा रात्री देतात; शुगरवर लक्ष हवं.

केमो सुरू होणार असेल तर मी डॉक्टरांना आधी ओलान्झापिनबद्दल विचारेन. चालू औषधांची यादी मात्र सोबत न्या, कारण झोपेच्या गोळ्यांबरोबर ती जड पडू शकते. फिश ऑइलच्या कॅप्सूलमागे ठोस पुरावा नाही. तेवढ्या पैशांची अंडी आणा.