‘मूव्हिंग फॉरवर्ड’: फौजींसाठीचा मोफत ऑनलाइन कोर्स, पण वही-पेन घेऊनच बसा

अमेरिकेत माजी सैनिकांचं जे सरकारी खातं आहे, ज्याला तिथे व्हीए म्हणतात, त्याने तिथल्या संरक्षण खात्याच्या साथीने रोजच्या अडचणी आणि ताण हाताळायला शिकवणारा हा आठ भागांचा कोर्स काढला. सेवेत असलेले, निवृत्त झालेले आणि त्यांच्या घरचे, अशा सगळ्यांसाठी तो आहे. पैसे लागत नाहीत आणि नावही नोंदवावं लागत नाही. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी. मनाचा त्रास कागदावर आला की मेडिकल कॅटेगरी (तब्येतीवरून ठरणारा सेवेतला दर्जा) आणि प्रमोशन यांना धक्का लागेल ही धास्ती वर्दीतल्या माणसाला असतेच, मग देश कोणताही असो. नाव न विचारणारा कोर्स ती अडचण पहिल्याच पायरीवर दूर करतो.

कोर्सचा पाया जुना आणि भक्कम आहे. अडचण सोडवणं हे शिकता येणारं कौशल्य आहे, अशी मांडणी डझुरिला आणि गोल्डफ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये केली. पुढे फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सल विद्यापीठातले आर्थर आणि क्रिस्टीन नेझू यांनी तिला उपचारपद्धतीचं रूप दिलं, आणि तीच इथे स्क्रीनवर आली आहे. नाव ‘समस्या सोडवणं’ असलं तरी खरा भर भावनांवर आहे. राग, भीती, खिन्नता ही काहीतरी बिनसलंय याची खूण आहे. ती दाबायची नाही, ऐकायची. पण तिच्या हातात सुकाणू द्यायचं नाही.

यासाठी चार पायऱ्यांचा मंत्र आहे: थांबा, सावकाश घ्या, विचार करा, मग कृती. फौजी माणूस नेमकी दुसरी पायरी गाळतो. हुकूम आला की हालचाल, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की थांबला तरी लगेच तोडग्यावर उडी मारतो. मोहिमेवर हीच सवय जीव वाचवते. घरात, बँकेच्या रांगेत किंवा मुलाच्या प्रगतिपुस्तकासमोर मात्र तीच नडते. म्हणून सावकाश होण्याच्या युक्त्यांवर सर्वांत जास्त वेळ घालवावा. नेझूंच्या पद्धतीत त्यांची लांबलचक यादीच आहे: दहापासून एकपर्यंत उलटं मोजणं, पोटाने श्वास घेणं, स्नायू एकेक करून आवळून सैल सोडणं, मुद्दाम जांभई देणं, चालायला जाणं, कोणाशी तरी बोलणं, प्रार्थना. सगळ्या नकोत. आपल्याला मानवतील अशा दोन निवडा आणि मन शांत असताना रोज घोटा. भडका उडाल्यावर पहिल्यांदा करून पाहिलं तर काही होत नाही, आणि मग ‘हे सगळं फालतू आहे’ म्हणून कोर्स सुटतो. श्वासाच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास होते. माणूस छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतो आणि गरगरायला लागतं. एक हात पोटावर, एक छातीवर ठेवा. पोटावरचाच हात हलला पाहिजे, आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे.

डोक्यात गर्दी झाली की काय करायचं, याची तीन हत्यारं आहेत: ते डोक्याबाहेर काढून कागदावर आणणं, चित्र डोळ्यांपुढे उभं करणं आणि मोठ्या कामाचे तुकडे करणं. इथेच हा कोर्स जिंकतो किंवा हरतो. व्हिडिओ बघत ‘पुढे’चं बटण दाबत गेलं तर आठही भाग संपतात आणि हाती काहीच लागत नाही.

अडचण मांडायचा कागद कसा भरायचा ते आपल्याकडच्या उदाहरणावर पाहू. समजा, निवृत्त हवालदार गावी परतला आणि भावाशी बांधावरून जुंपली. ‘भावाने मुद्दाम बांध कोरला’ ही वस्तुस्थिती नाही, तो अंदाज आहे. ‘बांध हातभर आत सरकलेला दिसतो, मोजणी झालेली नाही’ ही वस्तुस्थिती. ‘त्याला धडा शिकवायचा’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण ते दुसऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. ‘पेरणीआधी मोजणी करून खुणा घालून घ्यायच्या’ हे उद्दिष्ट. मग पर्याय: भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज, मामाला मध्ये घालणं, तंटामुक्ती समिती, भावाशी एकट्याने बोलणं, कोर्टात जाणं, यंदाचं वर्ष सोडून देणं. सुचेल ते लिहायचं आणि लिहिताना नाकं मुरडायची नाहीत. सुचवणं आणि पारखणं एकदम केलं की दोन पर्यायांवर गाडी अडते. यादी झाली की प्रत्येकापुढे चार खुणा करायच्या: मला काय होईल, घरच्यांना काय होईल, लगेच काय, पुढे काय. अधिक, उणे किंवा शून्य. कोर्टात जाण्यापुढे किती उणे पडतात ते स्वतःच्या अक्षरात दिसलं की राग आपोआप एक पायरी खाली उतरतो.

सगळ्याच गोष्टींना तोडगा नसतो, हेही ही पद्धत प्रामाणिकपणे मान्य करते. साथीदार गेला, तो परत येणार नाही. तिथे उद्दिष्ट परिस्थिती बदलण्याचं नसतं, त्या दुःखासह जगता येण्याचं असतं. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण ‘मजबूत हो’ एवढंच ऐकत आलेल्या माणसाला तो सहसा कोणी सांगितलेला नसतो.

आता उणिवा. सगळं इंग्रजीत आहे आणि प्रसंग अमेरिकी आहेत. मराठी घरात बसून करायचा तर इंग्रजी बऱ्यापैकी कळणारं कोणीतरी सोबत हवं. भरलेला कागद कोणी तपासत नाही, म्हणजे अंदाजालाच वस्तुस्थिती समजून पुढे गेलात तरी कोणी टोकणार नाही. आणि पुराव्याबद्दल एक खुलासा हवाच. 2014 मध्ये छापून आलेलं उत्साहवर्धक मूल्यमापन समोरासमोरच्या चार सत्रांच्या गटवर्गाचं आहे, तेही तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेलं. वर्गातल्या चार ओळखीच्या चेहऱ्यांचा आधार स्क्रीन देईल, असं धरून चालू नका.

हा उपचारही नाही. युद्धाची भयस्वप्नं पडत असतील, दारूशिवाय झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर कोर्स बाजूला ठेवून माणसाशी बोला. भारतात टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. सैन्यदलांसाठीचा त्याचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, 1 डिसेंबर 2023 पासून आहे. अमेरिकेत 988 लावून 1 दाबायचं. फक्त राग हीच तक्रार असेल तर व्हीएचाच राग आणि चिडचिड आवरायला शिकवणारा ‘एम्स’ (AIMS) नावाचा वेगळा कोर्स जास्त नेमका आहे.

ज्यांच्या अडचणी रोजच्या आहेत पण साचत चालल्या आहेत, निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरली आहेत किंवा नुकतीच झाली आहे, त्यांनी हा कोर्स जरूर करावा. आठवड्याला एकच भाग, त्यापेक्षा घाई नको. पहिला कागद लहान अडचणीचा भरा, पेन्शनच्या कागदपत्रांसारख्या. बांधाचा वाद चौथ्या-पाचव्या आठवड्यात घ्या. आणि भरलेला कागद बायकोला किंवा युनिटमधल्या जुन्या दोस्ताला वाचायला देऊन एवढंच विचारा, ‘यातलं मी काय गृहीत धरलंय?’