टर्मिनेटर: बंद वर्तुळ की बदलता काळ?

१९८४ च्या ‘द टर्मिनेटर’ या चित्रपटात २०२९ सालातून भूतकाळात आलेला सैनिक काइल रीस हाच, त्याला पाठवणाऱ्या जॉन कॉनर या माणसांच्या नेत्याचा पिता ठरतो, म्हणजे जे घडले ते घडणारच होते, आणि हे वर्तुळ चमत्कारिक असले तरी त्यात फट सापडत नाही. १९९१ च्या दुसऱ्या भागात मात्र भविष्य बदलता येते असे मानून पहिल्या भागातील मारेकरी यंत्रमानवाची चिप, जिच्यातून माणसांवर उलटणारी संगणकप्रणाली स्कायनेट घडणार असते, नष्ट केली जाते. मग स्कायनेट जन्मलेच नाही, तर रीसला कोण कशासाठी पाठवणार, आणि जॉन तरी कुठून आला? काळाला नवी शाखा फुटते, हे चाहत्यांचे उत्तर ही अडचण सोडवते खरे. पण तसे असेल तर भूतकाळात मारेकरी धाडून स्कायनेटच्या पदरात काहीच पडत नाही. तर्काच्या कसोटीवर मला पहिला भागच सरस वाटतो, जरी चित्रपट म्हणून (हे कबूल करायलाच हवे) दुसरा अधिक रंगतो.