कासवं बघायला जाताय? समुद्रासमोरचा बंगला की आगरातलं घर

फेब्रुवारी सरत आला की मला ओळखीच्यांचे फोन यायला लागतात, ‘कासवांना जायचंय, तुम्ही उतरता कुठे?’ दापोली तालुक्यातल्या एकाच गावात मी दोन्ही तऱ्हेच्या ठिकाणी राहिलोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. एक समुद्रासमोरचा जुना बंगला, ज्याचं आता हॉटेल झालंय. दुसरं किनाऱ्यापासून दहा मिनिटं आत, आगरातलं म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतलं चिऱ्याचं घर. पुढे काका-काकू राहतात, मागच्या चार खोल्या पाहुण्यांना. नावं देत नाही, कुणाच्या धंद्याला धक्का लावायचा नाही. निसर्ग सांभाळतो असं दोघंही सांगतात, आणि दोघांच्याही सांगण्यात बरंच खरं आहे.

बंगल्याचं श्रेय आधी देतो. आंघोळीचं पाणी सोलरवर तापतं. खोलीत प्लास्टिकची बाटली दिसत नाही, काचेची सुरई भरून ठेवतात. स्वयंपाकघरातलं ओलं खरकटं मागच्या गोबरगॅसमध्ये जातं, मी स्वतः मागे जाऊन पाहिलंय. शिवाय पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. माझ्या आईचे गुडघे कामातून गेलेत, तेव्हा याची किंमत मला कळते. आगरातल्या घरात यातलं काही नव्हतं. ओटीला चार उंच पायऱ्या, आणि रात्री कौलांवरून उदमांजर धावतं. झोप सावध असेल तर दचकायला होतं.

बागेत मात्र फरक दिसायला लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दोन्हीकडची झाडं झोपली. बंगल्यात त्या जागी लॉन आणि शोभेचे पाम आले. बघायला छान आहे, पण लॉनला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं, आणि नेमक्या तेव्हाच गावातल्या विहिरी तळाला जातात. काकांनी पुन्हा पोफळीच लावल्या, मध्ये जायफळ, माडांवर मिरीचे वेल. मोरीचं पाणी अळूला आणि केळींना. वादळात शेंडा मोडलेला एक माड त्यांनी अजून पाडलेला नाही. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. संध्याकाळी चहा घेताना दोघं ढोलीच्या कडेवर येऊन बसतात आणि माना खालीवर करत आपल्याकडे बघतात. काकूंना विचारलं, पाडत का नाही? म्हणाल्या, “माड तर गेलाच. त्यांचं तरी घर होऊ दे.”

तरीही एवढ्यावरून मी बंगला सोडला नसता. मला खटकले ते दिवे.

बंगल्याच्या बागेत माडांच्या बुंध्यांवर खालून वर फ्लडलाइट सोडलेत, आणि कुंपणावर पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, दिशेने आणखी चार. रात्रभर चालू. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, बहुतेक रात्रीच, वाळूत चढते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. किनारा उजळलेला असला तर ती वर यायलाच बिचकते. पिल्लंही रात्री बाहेर पडली की क्षितिजावर जिकडे जास्त उजेड तिकडे सरकतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. कुणी म्हणेल, आता बहुतेक घरटी कासवमित्र, म्हणजे कासवं राखणारे गावातले कार्यकर्ते, हॅचरीत म्हणजे अंडी उबवायच्या राखलेल्या जागेत हलवतात, पिल्लांना धोका कुठे? २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम सुरू केलं, तेव्हापासून असंख्य अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि चोरांपासून वाचली, हे खरंच आहे. पण अंडी हलवता येतात, आई कशी हलवणार? तिला स्वतःच यावं लागतं.

बंगल्यात दुसऱ्या दिवशी पहाटे मी कासवमित्राबरोबर पुळणीवर फेरीला गेलो. कुंपणासमोर एक माग दिसला, ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा, दोन्ही बाजूंना फटकाऱ्यांच्या खुणा. सरळ वर आलेला. जिथे वाळूवर दिव्याचा पिवळा पट्टा अजून पडलेला होता, त्याच्या अलीकडे हातभर अंतरावर तो वळला होता आणि पाण्याकडे गेला होता. खड्डा नाही, उकरलेली वाळू नाही. कासवमित्र वाकून बघत राहिला. “आली होती. न घालता गेली,” एवढंच बोलला.

ती दिव्यामुळेच फिरली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कुत्रं आलं असेल, माणसाची चाहूल लागली असेल. पण पट्टा आणि वळण इतकं जवळ होतं की मला राहवलं नाही. मॅनेजरकडे गेलो. निदान कुंपणावरचे चार तरी रात्री बंद ठेवा म्हणालो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, अंधारात पाहुण्यांना भीती वाटते, तक्रारी येतात. त्यांचीही अडचण असेल. पण त्या रात्री दिवे होते तसेच होते, आणि मला गॅलरीत बसवेना.

आगरातल्या घरी हंगामात साडेआठला अंगणातला बल्ब बंद होतो. खुंटीला दोन बॅटऱ्या टांगलेल्या असतात, तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधलेला. किनारा तसाही सुरूच्या बनापलीकडे, घराचा उजेड तिथवर पोचतच नाही.

तुमचं माणूस चालू शकत नसेल, किंवा तुम्हाला खिडकीतून समुद्रच हवा असेल, तर बंगला वाईट नाही. फक्त खोली घेण्याआधी फोनवर एक विचारा: समुद्राकडचे दिवे किती वाजता बंद करता? वेळ सांगितली तर खुशाल जा.

आम्ही या मार्चला आईला घेऊन आगरातल्या घरीच गेलो. काकांना आधी कळवलं होतं. पोचलो तर न्हाणीघरात भिंतीला बांबूचा दांडा ठोकलेला होता, आणि ओटीच्या पायऱ्यांलगत फळ्यांचा उतार.