पद्मिनीच्या इग्निशनचा माल: कुर्ल्याचा सीएसटी रोड

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी (म्हणजे जुनी फियाट) टॅक्सी मुंबईतून हद्दपार झाली, तरी तिच्या पॉइंट, कंडेन्सर, रोटर या ठिणगी पाडणाऱ्या भागांसाठी सीएसटी रोडचा सुट्या भागांचा बाजार अजून चांगलाच. फक्त नुसत्या 'फियाटचा द्या'वर भागत नाही. हाताला लागेल तो सेट समोर येतो. हे भाग ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरचा नंबर लिहून न्या, जुना पॉइंट आणि रोटर बरोबर ठेवा आणि काउंटरवरच ताडून पाहा: पिव्हटचं भोक, स्प्रिंगची लांबी, रोटरची उंची. रोटर बुटका निघाला तर कॅपमधल्या कार्बनला नीट टेकत नाही आणि इंजिन मिसिंग करतं.

खरी फसगत ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमध्ये. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा भाग) नसलेल्या गाडीला कॉइलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडची गुंडाळी, साधारण ३ ओहमची हवी. बॅलास्टवाली दीड ओहमची कॉइल थेट लावली तर करंट जवळपास दुप्पट होतो, कॉइल तापते, पॉइंट जळतात. आणि नाव मात्र पॉइंटचं खराब होतं! मल्टिमीटर घेऊनच जा.

कंडेन्सर दोन घ्या, स्वस्तातला उष्णतेत कधी दगा देईल सांगता येत नाही. बसवताना पॉइंटचा हील (कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या उंचवट्यावर आणून गॅप ०.४५ मिमीच्या आसपास ठेवा, कॅमला किंचित ग्रीस लावा, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुन्हा तपासा, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं.

मालाला पैकीच्या पैकी, सल्ल्याला निम्मे. इलेक्ट्रिकचा माल सहसा परत घेत नाहीत, तेव्हा पैसे देण्याआधीच बदलून मिळेल का ते विचारा.