शॅडो टीचरचे कोर्स: फी भरण्याआधी वर्गातले तास विचारा

शॅडो टीचर म्हणजे विशेष गरजा असलेल्या एका मुलासोबत वर्गात बसून त्याला मदत करणारी व्यक्ती. ते होण्याचे खासगी कोर्स आता दादरपासून ठाण्यापर्यंत सहज मिळतात. काही आठवडे ते काही महिने मुदत, बहुधा शनिवार-रविवारचे वर्ग आणि शेवटी शाळेत इंटर्नशिप. थिअरी बहुतेक ठिकाणी बरी असते. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, हे सगळं नीट शिकवतात. पण एवढं चांगल्या नोट्स वाचूनही समजतं. पैसे मोजायचे ते इंटर्नशिपसाठी, आणि कच्ची राहते ती नेमकी तीच.

इंग्लंडमध्ये स्पेशालिस्ट टीचिंग असिस्टंटची लेव्हल 5 ची अप्रेंटिसशिप आहे. तिथे उमेदवार शाळेच्या नोकरीत राहून, पगार घेत शिकतो. आपल्याकडे फी भरूनही अनेकदा मागच्या बाकावर बसून नुसतं निरीक्षण पदरी पडतं. म्हणून प्रवेशाआधी दोन आकडे लेखी मागा: मुलासोबत प्रत्यक्ष किती तास, आणि त्यातले किती तास प्रशिक्षक स्वतः वर्गात येऊन बघणार? व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेला व्हिडिओ ही देखरेख नव्हे.

प्रशिक्षक समोर लागतो तो मुख्यतः मदत कमी करायला शिकवण्यासाठी. मदतीच्या पायऱ्या सगळेच पाठ करून घेतात: हात धरून करून घेणं, कोपराला स्पर्श, बोटाने खूण, चित्र, तोंडी सूचना. पण त्यातली तोंडी सूचना बंद करणं सर्वांत अवघड, हे फार थोडे प्रशिक्षक सांगतात. ती किरकोळ वाटते म्हणून दिवसभर चालू राहते. मग बाईंनी ‘वही काढा’ म्हटलं की मूल शॅडोच्या आवाजाची वाट बघतं. बाईंच्या सूचनेनंतर मनात पाच अंक मोजायचे, तरी हालचाल नसेल तर फळ्याकडे किंवा दप्तराकडे नुसतं बोट दाखवायचं. बसायचं मुलाच्या तिरकं मागे, बाई आणि मूल यांच्यामध्ये कधीच नाही. मुंबईतल्या दाटीच्या वर्गात त्यासाठी बाकांची जागा बाईंशी आधीच ठरवावी लागते. चांगल्या कोर्समध्ये हेही करून दाखवतात.

डबा खाण्यासारख्या साध्या कामाचे तुकडे पाडायला लावतात का, हेही बघा. क्लिप उघडणं, झाकण बाजूला ठेवणं, पोळी तोडणं, भाजीला लावणं, घास घेणं. शेवटची पायरी आधी मुलाकडे सोपवायची, मग तिच्या आधीची. म्हणजे प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होतं. नोंद ‘प्रगती छान’ अशी नको, ‘5 पैकी 4 वेळा स्वतः’ अशी हवी. मूल ओरडलं तर आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, असे तीन रकाने त्याच दिवशी, शाळेतच भरायचे. घरी जाऊन आठवून लिहिलेला मधला रकाना हमखास रागाच्या भाषेत उतरतो.

फिट आल्यावर काय करायचं याचा सराव नसेल तर कोर्स अपुरा समजावा. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका बोलवायची.

प्रमाणपत्राबद्दल गैरसमज नको. अशा छोट्या कोर्सने भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळत नाही, म्हणजे स्पेशल एज्युकेटर होता येत नाही. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षणच हवा. बारावीनंतरचा डी.एड. दोन वर्षांचा असतो. हेच काम वर्षानुवर्षं करायचं असेल तर आमचं मत त्याच्याच बाजूने आहे.

‘नोकरीची हमी’ म्हणजे बहुधा पालकांचे फोन नंबर. खासगी शाळेत शॅडोचा पगार बऱ्याचदा पालकच देतात, त्यामुळे मूल आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे कोण देणार यावर वाद होतो. मे महिन्याची सुट्टी, मुलाची गैरहजेरी आणि काम सोडण्याआधीची नोटीस, तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.